खुर्चीची रजा

केसांचे टोप बनवण्याच्या त्या कारखान्यात खुर्च्या चार होत्या आणि कारागीर पाच. तीन खुर्च्यांवर तिघंजण आठवडाभर बसत. खिडकीजवळच्या चौथ्या खुर्चीवर सोमवार ते बुधवार एक बाई बसायची आणि गुरुवार ते शनिवार दुसरी. मालकांना पुस्तकी शब्दांची भारी हौस. पहिलीला ते पूर्वार्ध म्हणायचे आणि दुसरीला उत्तरार्ध. गमतीत ठेवलेली नावं अशी चिकटली की पहिलीला कोणी खऱ्या नावाने हाक मारली, तर तीच आधी आजूबाजूला बघायची, कोणाला बोलावतायत म्हणून.

ही गोष्ट त्या पूर्वार्धबाईंची. पन्नाशी ओलांडलेल्या, अंगाने किरकोळ, जिभेने तिखट. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक लेक लग्न होऊन लांब गेली होती, इतकी लांब की आगगाडीत एक झोप काढून उठलं तरी गाव यायचं बाकी असायचं. डोळ्यांच्या डॉक्टरने बाईंना बजावलं होतं, हे काम आठवड्यातून तीनच दिवस. चौथ्या दिवशी बसलात तर माझ्या दारात येऊ नका. म्हणून अर्धी नोकरी. उरलेल्या दिवसांत त्या घर आवरायच्या, शेजारणीशी भांडायच्या, पुन्हा गोड व्हायच्या आणि लेकीच्या फोनची वाट बघायच्या.

काम मोठं किचकट. आजारपणात ज्यांचे केस जातात त्यांच्यासाठी टोप, नाटकवाल्यांसाठी टोप, आणि आरशाशी अबोला धरलेल्या पैसेवाल्यांसाठीही टोप. लाकडी डोक्यावर बारीक जाळी ताणायची, आकड्यासारख्या वाकड्या सुईने एकदोन केस जाळीच्या भोकातून ओढायचे आणि गाठ मारायची. मग पुढचं भोक. दिवसभर मान खाली घालून बसलं तरी संध्याकाळी तळहाताएवढा तुकडा भरलेला दिसला की बरं वाटायचं.

दोघी बाया एकाच लाकडी डोक्यावर काम करायच्या आणि दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. बुधवारी संध्याकाळी एक जायची, गुरुवारी सकाळी दुसरी यायची. जिथे काम थांबलं तिथे टाचणी टोचून ठेवायची, पूर्वार्धबाईंची लाल, उत्तरार्धबाईंची पांढरी. उत्तरार्धबाई डावखुऱ्या होत्या. हे कोणी सांगितलं नव्हतं, गाठींवरून कळलं होतं. त्यांनी बांधलेला केस डावीकडे कलायचा. मालक शहाणे, त्यांनी त्याचाच फायदा घेतला. डोक्याची उजवी बाजू पूर्वार्धबाईंची, डावी उत्तरार्धबाईंची, मधोमध भांग. टोप असा बसायचा की जणू डोक्यातूनच उगवला आहे.

एकमेकींना न बघताही माणसाची ओळख होते. गाठी घट्ट आल्या की पूर्वार्धबाई मनात म्हणायच्या, आज स्वारी रागात होती वाटतं. मधल्या एका हिवाळ्यात गाठी सैल पडायला लागल्या, तेव्हा त्यांना वाटलं होतं, दमलीय बिचारी. मग त्या उठून चहा घ्यायला गेल्या आणि विसरल्या. घरी जाऊन विचारावं असं काही त्यांच्या मनात आलं नाही. येतं कशाला? कोण कोणाची?

या वर्षी मात्र पांढरी टाचणी हलेनाशी झाली. आठवडे गेले, महिने गेले, ती जिथे होती तिथेच. "बरी नाहीये, रजेवर आहे," एवढंच सगळे सांगायचे; दर गुरुवारी तिच्या नवऱ्याचा तसा फोन येतो म्हणे. घाईचे टोप पूर्वार्धबाईंनी आणि बाकीच्यांनी मिळून उरकले. एक तेवढा राहिला. तो नाटक कंपनीचा होता, नाटकच लांबणीवर पडलं होतं, आणि मालक म्हणाले, "राहू दे. डावी बाजू तिची. येईल तेव्हा करेल." त्यामुळे दर सोमवारी बाईंनी कामावर झाकलेलं कापड उचललं की समोर ते डोकं असायचं. अर्ध्यावर दाट काळे केस, अर्ध्यावर नुसती जाळी. बाईंनी त्याचं तोंड भिंतीकडे करून ठेवलं. मग ते पाठमोरं डोकं बघून आणखीच कसंतरी व्हायला लागलं. खुर्चीत बसतानाही त्यांना वाटायचं, आत्ताच कोणीतरी इथून उठून गेलंय. त्यांनी एकदा हात लावून बघितला. खुर्ची थंडगार होती, आणि ती थंड आहे याचीच त्यांना भीती वाटली.

अशात लेकीचा फोन आला. दिवस भरत आले होते.

"येणार आहेस का या वेळी?" तिने विचारलं. 'या वेळी' हे तिने मुद्दाम म्हटलं नव्हतं, पण बाईंनी ते ऐकलं.

मागच्या वेळी, दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत, लेक बाळंतपणात अचानक अडली होती. जावयाचा फोन आला तेव्हा बाई धावत हजेरी-रजेचं बघणाऱ्या कार्डकाकांकडे गेल्या. काकांनी कार्ड बघून मान हलवली. रजा शिल्लक नाही. बिनरजेचं गेलं की खुर्ची गेली, हा मालकांचा नियम तेव्हा दगडावरची रेघ होता. बाई आपल्या सुटीचा दिवस येईपर्यंत थांबल्या आणि मग निघाल्या. पोचल्या तेव्हा बाळ नव्हतं. एक रात्रही राहिलं नव्हतं ते. लेक भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती एवढंच म्हणाली, "त्या वॉर्डात सगळ्यांच्या आया होत्या." त्यानंतर फोन नेमाने यायचे, खुशाली कळायची, सगळं रीतसर चालायचं. पण पूर्वी फोनवर चालणारी वटवट, ती गेली ती गेलीच.

म्हणून या वर्षी बाईंनी एकही रजा घेतली नव्हती. ताप अंगावर काढला, दाढदुखी अंगावर काढली. लेकीला सांगितलं, "येणार म्हणजे येणार. आधीच येऊन बसते." आणि सोमवारी कारखान्यात शिरताच त्या थेट कार्डकाकांच्या टेबलापाशी गेल्या.

"रजा?" काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "बाई, तुमची रजा केव्हाच संपली. उलट जास्तीच झालीय."

"मी वर्षभरात एक दिवस घेतला नाही, काका."

"कार्ड तसं म्हणत नाही."

"कार्डाला तोंड फुटलंय का? बघू इकडे."

काकांनी कार्ड वळवून दाखवलं. बाईंनी बघितलं आणि त्यांना हसावं की रडावं कळेना. रजा लागली होती ती गुरुवारची, शुक्रवारची, शनिवारची. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या आठवड्यातही.

"काका, गुरुवारी मी कामालाच नसते. मग मी रजेवर कशी असेन?"

काकांनी चष्मा खाली घेतला, पुसला, पुन्हा लावला. "तुम्ही नसता हो. पण खुर्ची रिकामी होती ना."

इतकी वर्षं हे असंच चाललं होतं. खुर्ची एक, म्हणून कार्ड एक. एका पूर्ण कारागिराला जितकी रजा, तितकी त्या खुर्चीला. दोघींपैकी जी आधी मागेल तिला मिळायची. ती संपली की दुसरीला "संपली" असं सांगायचं. काकांना यात कधी काही चुकल्यासारखं वाटलं नव्हतं. ते मनाने वाईट नव्हते, फक्त त्यांना टेबलापलीकडे माणसं दिसत नव्हती, खुर्च्या दिसत होत्या. आणि बाईंना तरी कुठे शंका आली? अर्ध्या नोकरीला रजा थोडी असणारच, असं त्या धरून चालल्या होत्या. अर्धं काम करणारी माणसं स्वतःला अर्धंच समजायला लागतात, हा त्यातला मोठा घोळ.

मग बाईंना एकदम सुचलं ते त्यांनी हळू आवाजात विचारलं. "दोन वर्षांपूर्वी थंडीत तुम्ही मला रजा नाही म्हणालात. माझी लेक अडली होती तेव्हा. तेव्हा रजेवर कोण होतं?"

काकांना आठवायला वेळ लागला नाही. "उत्तरार्धबाई. ऑपरेशन झालं होतं त्यांचं."

ती रजा माझी होती, बाईंच्या मनात आलं. माझी होती आणि त्या बाईने खाल्ली. ज्या बाईचा चेहरा त्यांनी पाहिला नव्हता तिचा त्यांना भयंकर राग आला.

मालकांकडे गेल्या तर मालक म्हणाले, "पण बेरीज तर बरोबर आहे! दोघींची मिळून एकाचीच रजा होते."

"बेरीज बरोबर आहे साहेब. माणसं चुकलीत."

मालक ओशाळले. पण ओशाळलेला माणूस ताबडतोब काम करतोच असं नाही. त्यांनी टाळी वाजवल्यासारखे हात जोडले आणि म्हणाले, "दोन कार्डं करू. पण तिचे दिवस कोणते, तुमचे कोणते, हे तिच्याशी बोलल्याशिवाय कसं ठरवू? उद्या ती येऊन माझ्याशी भांडायची. तुम्हीच जाऊन या ना. कशी आहे, केव्हा येतेय विचारा. दोघी मिळून काय ते ठरवा, मी लगेच सही करतो."

म्हणजे चूक त्यांची आणि पायपीट बाईंची. तरी बाई निघाल्या, कारण दिवस सरत चालले होते.

पत्ता सापडला. किराण्याचं दुकान, त्यावर शिवणवर्ग, त्यावर घरं. उत्तरार्धबाईंचा नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, हे काकांनी सांगितलं होतं, आणि त्याच्या स्वतःच्या इमारतीतली लिफ्ट बंद पडलेली. जिने चढताना बाईंना त्याचंच हसू येत होतं. रागाने तयार केलेली वाक्यंही त्या मनात घोळवत होत्या. आजारी माणसाशी जोरात बोलायचं नाही, पण सोडायचंही नाही.

दार एका उंच, वाकलेल्या माणसाने उघडलं. हाताला ग्रीस लागलेलं. बाईंनी ओळख सांगितली तसा तो दारातच थबकला. मग म्हणाला, "पूर्वार्ध? तुम्ही?" आणि एखाद्या जवळच्या नातेवाइकाला घ्यावं तसं त्याने त्यांना आत घेतलं.

खोली स्वच्छ होती, जरा जास्तच स्वच्छ. टेबलावर एकच कप. खिडकीत दोन खुर्च्या समोरासमोर, त्यातल्या एकीवर घडी केलेली शाल.

"बाई कशा आहेत?" पूर्वार्धबाईंनी विचारलं.

त्याने हात फडक्याला पुसले, एकेक बोट वेगळं करून. बाईंनी शालीकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं. कळूनही त्या म्हणाल्या, "झोपल्यात का?"

"ती गेली, ताई," तो म्हणाला. "उन्हाळा लागायच्या आधीच गेली."

बाहेर कोणाच्या तरी गाडीचा हॉर्न वाजत होता. बाईंच्या तोंडून निघालं ते भलतंच निघालं. "पण तुम्ही तर दर गुरुवारी फोन करता!"

"करतो."

"काय सांगता?"

"आज येत नाही म्हणून सांगतो." त्याने मान खाली घातली. "पहिल्या गुरुवारी खरं सांगायलाच केला होता फोन. तोंडातून निघेना. तुमचे ते काका म्हणाले, बरं, विश्रांती घेऊ दे, काळजी घ्या म्हणावं. इतकं बरं वाटलं ऐकून. सगळीकडे सांगून झालं होतं हो. तिच्या बहिणींना सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, बँकेत सांगितलं. जिथे जावं तिथे ती नव्हती. तुमच्याकडे तेवढी ती रजेवर होती."

पगार केव्हाच थांबलेला होता. त्याला त्यातून एक पैसाही मिळत नव्हता. मिळत होतं ते एवढंच, आठवड्यातून एकदा कोणीतरी त्याच्या बायकोसाठी निरोप द्यायचं.

त्याने चहा केला. दुसरा कप कपाटातून काढताना तो जरा घुटमळला. मग भिंतीवरच्या फोटोकडे त्याने बोट दाखवलं. पूर्वार्धबाईंनी मनात एक लुकडी, थकलेली बाई धरली होती. फोटोत एक गोलमटोल, मिस्कील बाई होती, आत्ता काहीतरी चहाटळ बोलेल अशी.

"तुमच्याबद्दल बोलायची," तो म्हणाला. "आज माझ्या पूर्वार्धाचं डोकं दुखत असणार, गाठी वाकड्या पडल्यात. आज ती खुशीत होती, भराभर पुढे गेलीय. मी म्हणायचो, एकदा भेट तरी तिला. तर म्हणायची, भेटलं की भांडणं होतात."

पूर्वार्धबाईंचा राग अजून पुरता गेला नव्हता. दुःखाच्या शेजारी तो तसाच बसून होता, हट्टी पाहुण्यासारखा. त्यांनी विचारलं, "ऑपरेशननंतर, त्या थंडीत, पुष्कळ दिवस घरी होत्या ना त्या?"

त्याचा चेहरा उजळला. "हो! तेच तर. तेव्हा दुखणं जरा मागे हटलं होतं. मी पण सुटी टाकली. इथे खिडकीत बसायचो दोघं. ती मला तिच्या लहानपणीच्या गोष्टी सांगायची, अर्ध्या खोट्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण इतकं बोलणं आमचं कधी झालं नव्हतं. त्यानंतर तसे दिवस आलेच नाहीत." मग त्याचा आवाज उतरला. "पुढच्या वर्षी तिला पुन्हा ताप यायला लागला. ऑफिसात म्हणाले, रजा नाही. ती म्हणायची, मी तर फार घेतली नाही, कोण खातंय माझी रजा? तशीच जायची. जिना उतरताना कठड्याला धरून उभी राहायची. मी म्हणायचो सोड ती नोकरी, तर म्हणायची, घरी बसले तर आजारीच होऊन जाईन."

"पुढच्या वर्षी म्हणजे केव्हा?" बाईंनी विचारलं. विचारायला नको होतं.

"आंब्याला मोहोर येतो ना, त्या सुमाराला."

त्या सुमाराला पूर्वार्धबाई पुतणीच्या लग्नाला गेल्या होत्या. लग्न एका दिवसाचं, पण लग्नघर बागेत होतं, झोपाळा होता, आग्रह होता. मिळतेय रजा तर घ्यावी, म्हणून त्या आठवड्यावर आठवडा राहिल्या. झोपाळ्यावर बसून ऊन खाल्लं. आणि इकडे एक बाई अंगात ताप घेऊन त्यांच्या शेजारचा अर्धा टोप विणत होती, सैल गाठींनी, आणि विचारत होती, कोण खातंय माझी रजा.

कपातला चहा त्यांनी कसाबसा संपवला. निघताना त्या म्हणाल्या, "दादा, ऑफिसात सांगावं लागेल. माझी लेक बाळंत होणार आहे. मला जायचंय, आणि कार्डावर..." पुढे त्यांना सांगवेना.

त्याने तेवढ्यावरच ओळखलं. "तुम्ही नका सांगू," तो म्हणाला. "मी सांगतो. गुरुवारी सांगतो."

मधले दोन दिवस बाईंनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. मंगळवारी, बुधवारी त्या कामाला बसल्या, पण भिंतीकडे तोंड केलेल्या त्या डोक्याकडे त्यांना बघवेना. बघितलं नाही तर वाटायचं ते वळलंय. घरी आरशात केस विंचरताना फणी डाव्या हातात कधी आली कळलं नाही आणि त्या दचकल्या. स्वप्नात फोटोतली बाई झोपाळ्यावर बसली होती. रागावलेली नव्हती. सरकून जागा करत होती, हे जास्त भयंकर होतं.

गुरुवारी पहाटे जावयाचा फोन आला. दवाखान्यात दाखल करतायत, आजच्या आज निघता येईल का?

बाईंनी पिशवी भरली आणि कारखाना गाठला. गुरुवारी त्या खिडकीपाशी एक बाई उभी दिसताच तिघा कारागिरांनी सुया खाली ठेवल्या. एकाच्या तोंडून "अगं बाई" निघालं. पूर्वार्धबाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्या काकांच्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहिल्या, पिशवी हातात तशीच धरून.

फोन वाजला. काकांनी उचलला आणि त्यांचा आवाज आपोआप मऊ झाला.

"हां, बोला... नाही येत ना? असू दे, असू दे... विश्रांती घेऊ दे त्यांना. काळजी घ्या म्हणावं." थोडं थांबून, "बरं."

पलीकडून तो सांगेल म्हणून बाई काकांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. काकांनी फोन खाली ठेवला.

त्याने सांगितलं नव्हतं.

एका बाजूला स्टेशनवर गाडी. एका बाजूला तो वाकलेला माणूस, त्याच्या हातात अजून फोन असणार. बाईंना त्याचा राग आला नाही. त्यांना स्वतःचीच शिसारी आली, कारण आपण आता काय करणार आहोत हे त्यांना माहीत होतं.

"काका," त्या म्हणाल्या, "उत्तरार्धबाई वारल्या. उन्हाळ्याच्या आधीच वारल्या."

काका हसले. ऐकू नीट आलं नसावं तसे. मग त्यांचं तोंड उघडंच राहिलं. "अहो, पण आत्ता तर... मी दर गुरुवारी म्हणतो, काळजी घ्या म्हणावं त्यांना. तो म्हणतो, सांगतो." त्यांनी फोनकडे पाहिलं. "सांगतो म्हणतो हो तो, बाई."

मालक आतून आले. त्यांनी सगळं ऐकलं आणि पहिल्यांदाच त्यांना कोणताही पुस्तकी शब्द सुचला नाही. तिथेच उभ्या उभ्या त्यांनी दुसरं कार्ड करायला लावलं, सही केली, आणि म्हणाले, "या वर्षीची तुमची रजा पूर्ण शिल्लक आहे. हवी तितकी राहा. मागचं जे झालं ते..." त्यांनी पेन खाली ठेवलं. "ते परत देता येत नाही, बाई. ती चूक माझी."

मागचं कोणालाच परत देता येत नव्हतं. तिचे दिवस पूर्वार्धबाईंकडे होते, पूर्वार्धबाईंचे तिच्याकडे, आणि दोन्ही खर्च झाले होते.

"पुढच्या गुरुवारी तो फोन करेल," काका म्हणाले. त्यांचे डोळे लाल झाले होते. "मी काय सांगू त्याला? कळलं म्हणून सांगू?"

बाई दारापर्यंत गेल्या होत्या. "त्याला जेव्हा सांगायचं असेल तेव्हा तो सांगेल," त्या म्हणाल्या. "तोवर म्हणत होतात तेच म्हणा, काका. तुमचं काय जातंय?"

गाडीत त्यांना झोप लागली नाही. पोचल्या तेव्हा बाळ झालं होतं, मुलगी, धडधाकट, वॉर्ड डोक्यावर घेणारी. लेक उशीला टेकून बसली होती, चेहरा सुजलेला, केस विस्कटलेले. बाळ तिच्या कुशीत होतं. आईला बघून ती हसली, पण बाळ काही तिने पुढे केलं नाही. दोन्ही हातांनी धरून बसली होती, कोणी काढून घेईल की काय अशी. बाईंनीही मागितलं नाही. त्या स्टुलावर बसल्या.

जावई औषधं आणायला गेला तशी लेक म्हणाली, "मागच्या वेळी खरंच रजा नव्हती का गं?"

दोन वर्षांत हे तिने कधी विचारलं नव्हतं. बाईंना "नव्हती गं" म्हणता आलं असतं. दोन वर्षं स्वतःला तेच सांगायची सवय होती, आणि आजच्या दिवशी तेच सोपं होतं.

"होती," त्या म्हणाल्या. "मला माहीत नव्हतं. त्यांच्या चुकीने ती दुसऱ्याच बाईच्या नावावर गेली."

लेकीचे ओठ घट्ट मिटले. बाळ कुरकुरलं, तिने त्याला थोपटलं. मग तिने विचारलं, "तिला कशाला लागली होती?"

"आजारी होती."

"मग? बरी झाली का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "पण ते दिवस ती घरी होती. नवऱ्याजवळ बसून होती खिडकीत. ते तिचे चांगले गेले."

लेक रडायला लागली. आवाज न करता, बाळाच्या डोक्यावर पाणी पडू नये म्हणून मान वळवून. ती स्वतःच्या गेलेल्या बाळासाठी रडत होती की त्या अनोळखी बाईसाठी, हे बाईंना कळलं नाही, आणि बहुधा तिलाही सांगता आलं नसतं. रडून झाल्यावर तिने मनगटाने नाक पुसलं.

"हात धुतलेस का?" तिने विचारलं.

"आल्याआल्या धुतले."

"मग घे हिला," लेक म्हणाली.